श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

(पक्ष-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेतमालाचे भाव, कामगार संहिता, सहकाराची अधोगती अशा विषयांच्या पंगतीत ‘स्त्रिया आणि व्यायाम’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. सकाळी चहाच्या वेळी एका तरुण मित्राने मला विचारलेही, की हा विषय वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीचा नव्हे काय? त्यांची शंका रास्त आहे. गेली काही वर्षे हा विषय आपण खरोखरच त्या पुरवणीकडे सोपवून दिलेला आहे. तेथे तो कसा मांडला जातो? पहाटे अर्धा तास लवकर उठा, अमुक आसने करा, तमुक खाऊ नका, मनाचा निर्धार असला की सारे जमते. हा उपदेश ज्या स्त्रीला उद्देशून केलेला असतो तिच्यापाशी मोकळा वेळ, मोकळी खोली, पायांत बूट आणि पोटात अन्न आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या गृहीतकापाशीच थांबावे लागते. ज्या गोष्टीला साधने लागतात ती गोष्ट केवळ निर्धाराने होत नाही; आणि साधनांची वाटणी हा राजकारणाचाच विषय आहे.

परंतु पुरवणीवाल्यांवर टीका करण्यापूर्वी आपल्याच घरातला एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘आमच्या कष्टकरी बायका दिवसभर राबतात, त्यांना कसला व्यायाम हवा?’ हे वाक्य मी शेतकरी मेळाव्यांत ऐकले आहे, कामगार वस्तीत ऐकले आहे आणि सांगायला संकोच वाटतो, पण आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकले आहे. त्यात श्रमाविषयीचा आदर दिसतो, परंतु श्रमणाऱ्या शरीराविषयीचे अज्ञानही दिसते.

कोपनहेगन येथील एक लाखाहून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात स्वेच्छेने केलेली हालचाल जितकी अधिक, तितका हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी, असे त्यात दिसले. उलट पोटासाठी केलेले शारीरिक कष्ट जितके अधिक, तितका हा धोका वाढलेला आढळला. सगळ्याच पाहण्यांत इतके ठळक उत्तर मिळालेले नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर संमिश्र उत्तरे आहेत. तरीही त्यामागचे कारण समजण्याजोगे आहे. व्यायामात शरीरावर थोडा वेळ ताण पडतो आणि मग त्याला विश्रांती मिळते. त्या विश्रांतीतच स्नायू आणि हृदय बळकट होतात. मोलमजुरीत तोच तो सांधा, तीच ती पाठ आठ-दहा तास राबते. रक्तदाब तासन्‌तास चढलेला राहतो, विश्रांती केव्हा घ्यावी हे मजूर ठरवीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. व्यायामाची मात्रा माणूस स्वतः ठरवतो, श्रमाची मात्रा मालक किंवा मुकादम ठरवतो.

ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रीचे उदाहरण घ्या. दिवस उजाडण्यापूर्वी फडावर जायचे, वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन शिडीच्या फळीवरून ट्रकवर चढायचे. पुरवणीच्या हिशेबाने हिच्याइतकी तंदुरुस्त बाई महाराष्ट्रात दुसरी नसावी! प्रत्यक्षात काय आहे? बीड जिल्ह्यातील या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला तेव्हा शासनाने समिती नेमली. २०१९ मध्ये तिने पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड कापला जातो, कोपीजवळ न्हाणीघर नाही, दुखणे अंगावर काढावे लागते, आणि शेवटी कुणीतरी सांगतो की पिशवीच काढून टाका. यात ज्यांचे बीजकोशही काढले गेले त्यांच्या हाडांची झीज तेव्हापासूनच वेगाने सुरू होते. अशा बाईला व्यायामाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होईल. तिला प्रथम हवी आहे भरपगारी सुट्टी, पाणी, आडोसा आणि फडाजवळ येणारा दवाखाना. तिच्या शरीरावर जे चालले आहे त्याला व्यायाम हे नाव आपण देऊ नये, एवढेच मला येथे म्हणायचे आहे.

याच गैरसमजाची दुसरी बाजू सुखवस्तू घरांत आढळते. ‘जाते आणि पाटा-वरवंटा गेला, म्हणून बायकांची दुखणी वाढली,’ असे म्हणणारे काका प्रत्येक कुटुंबात एक तरी असतातच. त्यांनी स्वतः किती पायली दळले होते, हे कुणी विचारीत नाही. जात्यावर दळणाऱ्या पिढीत, स्वातंत्र्याच्या सुमारास, भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. हाडे ठिसूळ होण्याच्या वयापर्यंत पोचणाऱ्या स्त्रियाच थोड्या होत्या. आज स्त्री सत्तरी ओलांडते आहे. म्हणून पाळी गेल्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे ती कशा अवस्थेत काढणार, हा प्रश्न आपल्या समाजापुढे इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच उभा आहे.

शहरी स्त्रीचे कष्ट यंत्राने हलके केले हे खरे आहे. गॅस आला, नळ आला, मिक्सर आला. परंतु यंत्राने स्नायूंचे काम घेतले, वेळ मात्र परत दिला नाही. उभ्याने स्वयंपाक, बसून नोकरी, लोकलमध्ये लोंबकळत प्रवास आणि घरी परतल्यावर मुलांचा अभ्यास, यात थकवा भरपूर आहे आणि हालचाल नाही. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातील ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल आरोग्याला पुरेशी नव्हती, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. म्हणजे एकीकडे कष्टाने झिजणाऱ्या आणि दुसरीकडे हालचालीवाचून आखडणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रिया या एकाच देशात आहेत. पुष्कळदा त्या एकाच घरात असतात. एक फरशी पुसते आणि दुसरी गुडघेदुखीच्या गोळ्या घेत तिच्याकडून पुसून घेते. पहिलीचेही गुडघे दुखतच असतात.

आता वेळेचा हिशेब पाहू. माझ्या मते या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

१८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा भरली होती. मागणी होती आठवड्यातून एका सुट्टीची. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांना यश येऊन त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुट्टी मान्य झाली. या घटनेला एक शतक होऊन गेले, परंतु स्वयंपाकघरात ती सुट्टी अजून पोचलेली नाही. तेथे रविवार म्हणजे उलट दोन पदार्थ अधिक!

केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात असे दिसले. घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. ‘करणारे पुरुष’ हे शब्द नीट लक्षात घ्या. २०१९ च्या पाहणीत असे काम मुळात करणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते. उरलेल्या चौऱ्याहत्तरांची सरासरी काढण्याचा प्रश्नच येत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम पुरेसा मानते. स्त्रीचे आठवड्याचे घरकाम होते २,०२३ मिनिटे. म्हणजे घरकामाच्या दर साडेतेरा मिनिटांमागे एक मिनिट जर दुसऱ्या कुणी उचलले, तर तिचा व्यायामाचा वेळ तयार होतो. झोपेतून तो कापण्याचे कारण नाही. पुरवणीतला ‘पहाटे अर्धा तास लवकर उठा’ हा सल्ला या हिशेबात काय ठरतो? आधीच दोन पाळ्यांत राबणाऱ्या कामगाराला तिसरी पाळी!

येथे उपस्थित असलेल्या पुरुष साथींना एक स्पष्ट विचारतो. आपल्या बैठका रात्री दहापर्यंत चालतात. त्या वेळी आपल्या घरी भांडी कोण घासत असते? कामाच्या तासांसाठी लढणाऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्याच्या घरी कामाचे तास मोजलेच जात नसतील, तर व्यासपीठावरून स्त्रीमुक्तीवर बोलण्यात काय अर्थ आहे? (टाळ्या स्त्रियांच्याच बाजूने आल्या, याची नोंद मी घेतली आहे.)

वेळ मिळाला तरी अंगात रक्त हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. महाराष्ट्रात ५४ टक्के. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण देशात २५ टक्के आहे. बोटातून रक्त घेऊन केलेल्या मापनाविषयी तज्ज्ञांत वाद आहेत, ते असोत. स्त्रीपुरुषांतील ही तफावत मापनपद्धतीने उत्पन्न केलेली नाही. पाळीतून रक्त जाते, बाळंतपणे होतात आणि पंगतीत सर्वांत शेवटी उरलेले खाण्याची रीतही आहेच. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. ते कमी असले की दोन जिने चढताच धाप लागते, आणि मग ‘हिला व्यायामाची आवडच नाही’ असा निकाल घरचे देऊन मोकळे होतात. तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रीने आधी उपचार घ्यावेत, मग मैदानावर यावे. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबू किंवा आवळ्याबरोबर घ्याव्यात, एवढी साधी माहितीही पुष्कळ ठिकाणी गोळ्यांबरोबर दिली जात नाही. आणि मुलींच्या ताटाचे काय? महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात २०२३ मध्ये अंडे सुरू झाले आणि २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्याचा निधी थांबवला. खेळाच्या तासाला ज्या मुलींना आपण पळायला सांगतो त्याच या मुली.

आता व्यायाम कोणता? याविषयी मी वैद्याच्या अधिकाराने बोलत नाही. डॉक्टर मित्रांकडून आणि वाचनातून जे पक्के कळले तेवढेच सांगतो.

चालणे उत्तम आहे, पण ते पुरेसे नाही. चालण्याने हृदय, साखर आणि मन यांना लाभ होतो. हाडे आणि स्नायू यांना मात्र भार लागतो. तिशीनंतर स्नायूंचे वजन दर दशकात काही टक्क्यांनी घटत जाते, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सांगितले आहेत, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही. आपल्याकडे वजन उचलणे हे पुरुषाचे काम अशी समजूत असल्याने स्त्रियांच्या वाट्याला फक्त चालणे आणि प्राणायाम एवढेच येते. यासाठी यंत्रसामग्रीची गरज नाही. खुर्चीचा आधार घेत बसणे-उठणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हळूहळू वर नेऊन खाली आणणे, टाचा उचलून उभे राहणे, दाराची चौकट धरून एका पायावर उभे राहणे. आज पाच वेळा जमले तर पंधरा दिवसांनी आठ वेळा. ज्या म्हातारीला जमिनीवरून आधाराशिवाय उठता येते ती सहसा कुणावर ओझे होत नाही. आणि न्हाणीत पडून खुबा मोडला की गरीब घरात काय होते हे आपण पाहिलेले आहे. आणखी एक सांगतो. व्यायाम सलग दहा मिनिटे तरी झाला पाहिजे ही जुनी अट या संघटनेने २०२० मध्ये काढून टाकली. म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये केलेल्या उठाबशाही हिशेबात धरल्या जातात.

काही गोष्टी संकोच सोडून बोलल्या पाहिजेत. पाळीत व्यायाम करू नये याला वैद्यकीय आधार नाही. झेपेल तेवढा अवश्य करावा, काहींच्या वेदना त्याने कमीच होतात. मुलीने धावले, उड्या मारल्या तर ‘पिशवी सरकते’ ही भीती घालून असंख्य मुलींना वयात येताच मैदानावरून घरी आणले गेले. अंग बाहेर येण्याची कारणे निराळी आहेत: लागोपाठची बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी, वय. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून-सोडण्याचा व्यायाम प्रत्येक बाळंतिणीला शिकवला पाहिजे. शिंक आली, खोकला आला की लघवी सुटते, हे दुखणे लाखो बायका वर्षानुवर्षे लपवून ठेवतात. पुष्कळदा त्यावरचा पहिला उपाय फुकटचा आहे, आणि तो सांगणारे कुणी नाही. गरोदर स्त्रीलाही, डॉक्टरांनी काही कारणाने मनाई केलेली नसेल तर, बेताचा व्यायाम हितकर आहे.

बाजाराने मात्र या साऱ्याचा अर्थच पालटून टाकला आहे. बाजार स्त्रीला बळ विकत नाही, सडपातळपणा विकतो. ज्या देशात रक्तक्षय निम्म्याहून अधिक स्त्रियांत आहे तेथे ‘अमुक दिवसांत इतके किलो कमी’ अशा पाट्या लागतात! आणि विवाहाच्या बाजारात उभ्या केलेल्या मुली अर्धपोटी राहून धावपट्टीच्या यंत्रावर धावतात. व्यायामशाळांच्या सेवेवर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १८ टक्के कर होता, तो ५ टक्क्यांवर आणला गेला. ठीक आहे. परंतु ज्या घरात महिन्याची वर्गणीच परवडत नाही तेथे करकपातीचा आनंद कुणाला होणार?

सार्वजनिक मैदान हाच येथे खरा उपाय आहे. नगररचनेच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा हवी. मुंबईत ती दोन चौरस मीटरही भरत नाही. असलेल्या मैदानांवर क्रिकेट खेळणाऱ्या मुलांचा ताबा, लग्नाचे मांडव, राजकीय सभा (आपल्याही) आणि सायंकाळनंतर अंधार. अलीकडे नगरसेवकाच्या नावाच्या पाटीसह ‘ओपन जिम’ची लोखंडी यंत्रे बसवली जातात. सहा महिन्यांत ती गंजतात, पाटी तेवढी टिकते. आणि स्वच्छतागृह? मैदानावर स्त्रीला जाता येईल असे स्वच्छतागृह नसेल तर ती घरून पाणी न पिता निघते, किंवा निघतच नाही. डॉ. लोहियांनी स्त्रियांच्या शौचकूपांचा आणि पाण्याचा प्रश्न राजकीय व्यासपीठावर मांडला, मृणालताई गोऱ्यांनी नळाच्या पाण्यासाठी आयुष्य वेचले, आणि १९७० नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात लाटणे हे मोर्चाचे हत्यार झाले. त्या परंपरेत वाढलेल्या पक्षाला मैदानावरचे स्वच्छतागृह हा किरकोळ प्रश्न वाटू नये.

खरे पाहता शरीरशिक्षण ही आपल्याला परकी गोष्ट नव्हती. १९४१ साली एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी केली ती रोजच्या शाखेवरच. कवायत, लेझीम, खेळ, गाणी आणि बौद्धिक. आणि त्यात मुलगे व मुली बरोबरीने. जातिधर्माच्या नावाने तरुणांना कवायत शिकवणाऱ्यांना ते उत्तर होते. पुढे आपण बौद्धिक तेवढे ठेवले आणि मैदान त्यांना देऊन टाकले! आज व्यायाम, योग, सूर्यनमस्कार हे शब्द उच्चारले की आपला कार्यकर्ता अवघडतो. सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांत रुजवणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीच १९३९ मध्ये प्रजेला राज्यकारभाराची घटना दिली, हे आपण विसरतो. ज्यांना नाव आणि मंत्र नको त्यांनी ते वगळून त्याच हालचाली कराव्यात. गुडघ्यांना मंत्र कळत नाही. खो-खोला तर मंत्रही लागत नाही, चेंडूही लागत नाही. धाराशिवची सारिका काळे याच खेळातून २०२० मध्ये अर्जुन पुरस्कारापर्यंत पोचली. मला पदकांपेक्षा अधिक आस्था आहे ती बावीसाव्या वर्षी खेळ थांबलेल्या, चाळीस वर्षांच्या हजारो बायकांविषयी.

करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. नगरपालिका आणि महापालिकांतही त्यासाठी समिती आणि तरतूद असते. हा पैसा वर्षानुवर्षे शिलाई यंत्रांच्या वाटपात आणि हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांत जिरतो. त्यातून मैदानावर दिवे, स्वच्छतागृह, सकाळ-संध्याकाळी स्त्रियांसाठी राखून ठेवलेला एकेक तास आणि मानधनावर नेमलेली स्थानिक प्रशिक्षिका एवढे मागा. २०११ पासून या संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पक्ष कोणताही असो, त्या सदस्यांना भेटा. कुणी म्हणेल, २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे दीड हजार रुपये खात्यावर येतात, आणखी काय हवे? ते पैसे तिला मिळावेत, त्याला माझा विरोध नाही. परंतु त्यातून ती गॅस भरील, मुलाची फी भरील. त्यातून तिला मैदान विकत घेता येत नाही, आणि स्वतःचा तासही विकत घेता येत नाही. मुस्लिम मोहल्ल्यात, दलित वस्तीत राखीव तासाची मागणी सर्वांत आधी करा, कारण तेथील स्त्रीला दुसरी जागाच नाही.

अंदाजपत्रके फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर होतात. त्याआधी प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एका मैदानावर आठवडाभर सकाळी सहा ते आठ आणि सायंकाळी सहा ते आठ वही घेऊन बसावे. किती पुरुष आले, किती स्त्रिया आल्या, त्या कोणत्या वयाच्या होत्या, किती दिवे चालू होते, स्वच्छतागृहाला कुलूप होते की नव्हते, एवढेच लिहावे. वही धरून बसण्याचे काम पुरुष साथींनी करावे आणि त्या आठवड्यात सकाळचा स्वयंपाकही. हे आकडे हाती आले की जानेवारीच्या बैठकीत त्यांवरून मागणीपत्राचा मसुदा करू.